समुद्रकाठचे टेबल : एका कौटुंबिक जेवणामागची दीडशे वर्षे

१/
मे महिन्यातील संध्याकाळ. मालवण, गणपतीपुळे, हरिहरेश्वर किंवा अलिबाग येथील एखादे साधे हॉटेल. समोर समुद्र आणि एका टेबलाभोवती आजीपासून नातवापर्यंत सारे कुटुंब. ताटात रव्यात घोळून तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, शेजारी सोलकढीचा पेला. आज या दृश्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मात्र दीडशे वर्षांपूर्वी असे जेवण अनेक घरांना निषिद्ध होते, अनेकांना परवडणारे नव्हते आणि काहींच्या बाबतीत तर ते मार खाण्यास कारण ठरले असते. हा धागा त्या टेबलाचा इतिहास आहे.

२/
जुन्या समाजाला जखडणाऱ्या बंधनांची एक यादी विसाव्या शतकात विनायक दामोदर सावरकरांनी केली. तिला त्यांनी ‘सात स्वदेशी बेड्या’ म्हटले: वेदोक्तबंदी, व्यवसायबंदी, स्पर्शबंदी, सिंधुबंदी, शुद्धिबंदी, रोटीबंदी आणि बेटीबंदी. यांतील तीन बेड्या आपल्या टेबलाशी थेट निगडित आहेत. सिंधुबंदी म्हणजे समुद्रपर्यटनाचा निषेध, रोटीबंदी म्हणजे परजातीच्या हातचे खाण्याचा निषेध आणि स्पर्शबंदी म्हणजे अस्पृश्यता. हॉटेलात शिजवणारा कोण, वाढणारा कोण आणि शेजारच्या टेबलावर बसलेला कोण, हे प्रश्न जेथे विचारले जातात तेथे हॉटेल चालूच शकत नाही.

३/
समुद्राकडे पाहण्याची दृष्टीही वेगळी होती. किनारा हे कोळी, गाबीत, खारवी, दालदी अशा समाजांचे कामाचे ठिकाण होते. तेथे जाळी वाळत, होड्यांना तेल लागे, मासळी सुकत असे. उन्हाळ्यात हवापालट करायचा तर मुंबईतील इंग्रज अधिकारी डोंगर गाठत. महाबळेश्वरचे ठाणे १८२८-२९ च्या सुमारास त्यासाठीच वसले. गोव्यात मात्र काही कुटुंबे एप्रिल-मे महिन्यांत समुद्रकाठी मुक्कामाला जात, कारण मे महिन्यातील खाऱ्या पाण्याचे स्नान प्रकृतीस हितकर मानले जाई. तेथेही स्वयंपाक आपला, भांडी आपली आणि चूलही आपली.

४/
आणखी एक अडचण खुद्द घरातच होती. आज ‘कुटुंबाचे एकत्र जेवण’ हा शब्दप्रयोग सहज वाटतो. जुन्या प्रतिष्ठित घरांत पंगतीला आधी पुरुष व मुले बसत, बायका वाढत आणि सर्वांचे आटोपल्यावर उरलेल्यातून जेवत. पति-पत्नीने समोरासमोर बसून एकाच वेळी जेवणे हे अमर्यादपणाचे लक्षण समजले जाई. त्यामुळे समुद्रकाठच्या टेबलाला दोन भिंती ओलांडायच्या होत्या. एक जातीजातींमधली आणि दुसरी स्वयंपाकघर व माजघर यांच्यामधली.

५/
पहिल्या भिंतीला पहिला धक्का बसला तो चोरून. १८४९ च्या सुमारास मुंबईत ‘परमहंस मंडळी’ नावाची गुप्त सभा स्थापन झाली. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्या प्रवर्तकांपैकी एक. सभासद होऊ इच्छिणाऱ्याची परीक्षा सोपी वाटावी अशी होती: ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि परजातीच्या हातचे पाणी प्यायचे. आज वडापावासोबत रोज पोटात जाणारी वस्तू तेव्हा बंडखोरीची शपथ होती. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली आणि बहिष्काराच्या धास्तीने मंडळी विस्कटली.

६/
चाळीस वर्षांनंतरही चित्र फारसे पालटले नव्हते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमास शहरातील नामवंत मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळकही होते. पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हाती धरला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून जाहीर केली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. अखेर १८९२ मध्ये रानड्यांसारख्या उच्च न्यायालयाकडे निघालेल्या माणसानेही प्रायश्चित्त घेतले. कारण होते एक पेला चहा.

७/
याच १८९० साली मुंबईत दुसरी एक घटना घडली आणि आपल्या टेबलासाठी ती चहाच्या वादाइतकीच महत्त्वाची आहे. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित करण्यास प्रारंभ केला होता. त्यांची एक मुख्य मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कुटुंबाने एकत्र जेवायला बसण्याआधी कुटुंबातील सर्वांना एकाच दिवशी मोकळीक हवी, ही साधी गोष्ट कोट्यवधींच्या आयुष्यात अशी लढून आली.

८/
ही सुट्टी मिळवणाऱ्या कामगारांत कोकणी माणूस मोठ्या संख्येने होता. रत्नागिरी जिल्ह्यातून पुरुष एकटे मुंबईला येत. बायकामुले गावी, मनिऑर्डरची वाट पाहत. गिरणगावातील हे ‘चाकरमानी’ जेवत ते खानावळीत. खानावळ बहुधा एखादी बाई आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत चालवी. महिन्याचे पैसे ठरलेले, जेवण गावाकडच्या चवीचे. कोकणची चव पैसे घेऊन वाढण्याचा व्यवसाय असा समुद्रापासून दूर, गिरण्यांच्या भोंग्याखाली वाढला. पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापून अशाच खानावळवाल्या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली.

९/
शहरात ‘बाहेर खाणे’ रुळवण्यात इराणी हॉटेलांचा वाटा मोठा आहे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून-मस्का आणि चहा. येथे गिऱ्हाइकाची जात विचारण्याची पद्धत नव्हती. स्त्रियांसाठी मात्र वेगळी सोय करावी लागली. अनेक हॉटेलांत पडद्याआडचे कक्ष किंवा माळ्यावरची जागा राखीव असे आणि दारावर पाटी असे: ‘फॅमिली रूम’. ही पाटी आज गमतीची वाटते. पण तिने एक काम केले: बाईला हॉटेलात शिरण्याचे निमित्त दिले. पडदा हळूहळू विरळ झाला आणि नंतर निघाला.

१०/
बायकांच्या बाजूने हा बदल किती अवघड होता, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून कळते. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही प्रारंभी त्यांनी आपले सोवळे आणि स्वतंत्र स्वयंपाक सांभाळला. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, हा प्रश्न त्यांनी व्याख्यान ऐकून सोडवला नाही; तो स्वतःच्या मनाशी झगडून सोडवला आणि मग जातिभेद कायमचा टाकला. पुरुषांच्या सभांत ठराव होत होते. चूल मात्र बायकांच्या ताब्यात होती, म्हणून रोटीबंदीचा खरा निकाल स्वयंपाकघरात लागायचा होता.

११/
आतापर्यंतची माणसे तरी नियम मोडू शकत होती. त्यासाठी त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागे एवढेच. ज्यांच्यासाठी हे नियम उंबरठ्याबाहेरच थांबवणारे होते, त्यांची उन्हाळ्याची सुट्टी कशी असे? १९०१ साली साताऱ्यातील काही मुले सुट्टीत वडिलांकडे गोरेगावला निघाली. मसूर स्थानकावर उतरल्यावर मुले महार आहेत हे कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. सोबत घरचा भरपूर डबा होता, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. मुले अन्न असूनही उपाशी झोपली. त्यांतील एकाचे नाव भीमराव आंबेडकर.

१२/
पुढे हाच मुलगा कोकणात पाण्याचा हक्क मागण्यास आला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी व हजारो सत्याग्रहींनी प्राशन केले. परिषदेसाठी त्याआधी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तळ्यावरून परतल्यावर अफवा पसरवून जमावाने हल्ला केला. मंडपात काही जण जेवत होते. त्यांचे अन्न मातीत तुडवले गेले. त्याच वर्षी डिसेंबरातील परिषदेसाठी आंबेडकर मुंबईहून आगबोटीने दासगाव बंदरात उतरले, कारण धरमतरमार्गे मोटारी मिळतील याची खात्री नव्हती.

१३/
महाडच्या दक्षिणेस, रत्नागिरीत, याच सुमारास दुसरा प्रयोग चालू होता. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर तेथे स्थानबद्ध होते. भागोजीशेठ कीर यांच्या साह्याने १९३१ मध्ये सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उभे राहिले आणि सहभोजनांच्या पंगती उठू लागल्या. १ मे १९३३ रोजी तेथे ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ उघडले. त्यात वाढण्याचे काम महार समाजातील व्यक्तीकडे होते. कोकण किनाऱ्यावर, ऐन मे महिन्यात, जातिभेद मोडण्यासाठीच उघडलेले हे हॉटेल. त्याची व्याप्ती आणि त्याची सीमा, दोन्ही त्याच्या नावातच होती.

१४/
मुंबईतही असे प्रयत्न होत होते. आंबेडकरांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये निघालेल्या समाज समता संघाने सहभोजने घडवली. पुढे पत्रकार अनंत हरी गद्रे यांनी ‘झुणका-भाकर सत्यनारायण’ सुरू केला. पूजेला दलित दांपत्य बसायचे आणि प्रसाद म्हणून सर्वांनी झुणका-भाकर खायची. जे अन्न शेतकरी आणि मजूर रोज खातात तेच देवाच्या नावाने सर्वांच्या हाती द्यायचे, अशी ती युक्ती होती. मात्र सहभोजन हा मुद्दाम घडवून आणलेला प्रसंग असतो. बोलावल्याशिवाय कोणत्याही दिवशी कोणीही आत यावे आणि खुर्ची ओढून बसावे, यासाठी कायदाच हवा होता.

१५/
तो कायदा टप्प्याटप्प्याने आला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हरिजनांच्या सामाजिक अडचणी दूर करणारा अधिनियम संमत केला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत समानतेच्या कलमावर चर्चा झाली. ‘दुकान’ या शब्दात नेमके काय येते, असे विचारले गेले तेव्हा आंबेडकरांनी तो शब्द व्यापक अर्थाने घ्यावा असे स्पष्ट केले. २६ जानेवारी १९५० पासून अनुच्छेद १५(२) अमलात आला. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे येथील प्रवेश धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून नाकारता येणार नाही.

१६/
या वाक्यात एक बारकावा आहे. त्यात जातीबरोबर ‘लिंग’ हाही शब्द आहे. म्हणजे जातीची भिंत आणि फॅमिली रूमचा पडदा, या दोहोंचा कायदेशीर आधार एकाच वाक्याने काढून घेतला. शिवाय हे बंधन सरकारपुरते नाही. हॉटेलच्या खासगी मालकालाही ते लागू होते. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने अशा नकारास शिक्षा ठरवली. मसूरच्या रस्त्यावर भुकेला झोपलेला मुलगा मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हे लक्षात घेतले म्हणजे घटनेत ‘उपाहारगृह’ या साध्या शब्दाला जागा का मिळाली ते उमगते.

१७/
हक्क मिळाला तरी जायचे कसे आणि केव्हा? १९४८ च्या कारखाना अधिनियमाने कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. त्याच वर्षी १ जून रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. एसटीने पुढे खेडी जोडली. कोकणात तोवर भरवसा आगबोटींचा होता. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे घेत त्या जात. हा प्रवास हौशीचा नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

१८/
म्हणून मे महिन्यात कोकणात जाणे म्हणजे दीर्घकाळ ‘गावी जाणे’ होते, पर्यटन नव्हे. चाकरमानी आपल्याच घरी उतरे, आपल्याच पडवीत जेवे. चित्र पालटले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळुरूजवळील ठोकूर अशी सुमारे ७४० किलोमीटरची कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाली. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी तिचा पाठपुरावा केला होता. ज्यांचे कोकणात घर नाही असे कुटुंबही आता रात्री गाडीत बसून सकाळी समुद्र पाहू लागले. घरांच्या पडव्यांत टेबले मांडली गेली आणि गिरणगावातील खानावळ जणू माघारी किनाऱ्यावर आली.

१९/
आता ताटाकडे पाहावे. कालवणाला लाल रंग देणारी मिरची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती या किनाऱ्यावर उतरली. काजू त्याच वाटेने ब्राझीलहून आला. बटाटा आणि टोमॅटोही सागरापलीकडचे. कोकम आणि तिरफळ मात्र इथल्याच मातीतले. ज्या समाजाने सिंधुबंदी पाळली त्याच्या स्वयंपाकघरात समुद्र ओलांडून आलेल्या वस्तू निमूटपणे शिरल्या आणि ‘पारंपरिक’ झाल्या. माणसांना लावलेले नियम मिरचीला कोणी लावले नाहीत.

२०/
या जेवणाला ऋतूचेही घड्याळ आहे. कोकमाची फळे पिकतात ती एप्रिल-मे महिन्यांत. त्यांची साले वाळवून वर्षभराची आमसुले याच दिवसांत तयार होतात. आगोटीच्या बेगमीसाठी किनाऱ्यावर बोंबील, सोडे, जवळा सुकत असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस बंदी असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ आणि समुद्रही खवळलेला. त्यामुळे मे महिना हा ताज्या मासळीचा अखेरचा महिना. पाहुण्यांची गर्दी आणि कोळ्यांची शेवटची घाई, दोन्ही एकाच वेळी येतात.

२१/
टेबलाभोवती बसणाऱ्यांची यादी अशी दीडशे वर्षांत वाढत गेली. आधी परजातीचा माणूस आला, मग बाई आली, मग कामगाराचे कुटुंब आले आणि ज्याला पाणीही नाकारले होते तो आपल्या हक्काने येऊन बसला. तरी हिशेब पुरा झालेला नाही. हॉटेलात आजी आता सर्वांबरोबर आणि सर्वांच्या आधीही जेवते. भाकऱ्या थापणाऱ्या बाईची पंगत मात्र शेवटचे गिऱ्हाईक उठल्यावरच बसते, आणि सुट्टीचा हंगाम हाच तिच्या कामाचा हंगाम असतो.

२२/
इतिहासाच्या पुस्तकांत तहाच्या मेजांची चित्रे असतात, जेवणाच्या टेबलांची क्वचितच. पण एखादा समाज किती पुढे आला हे मोजायचे असेल तर त्यात कोण कोणाशेजारी बसून जेवू शकतो, हे पाहणे पुरेसे असते. १८४९ मध्ये पावाचा एक तुकडा दार लावून खावा लागला. १८९० मध्ये चहाचा एक पेला वर्तमानपत्रात गाजला. १९२७ मध्ये वाढलेले अन्न मातीत तुडवले गेले. आणि १९५० मध्ये ‘उपाहारगृह’ हा शब्द संविधानात आला.